सगळं सांगून झाल्यावर देव बाजूला होतो (गीता 18.63)



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 63.

अठराव्या अध्यायाच्या या टप्प्यावर सगळ्यांचे डोळे 66 व्या श्लोकाकडे लागलेले असतात. शरणागतीचा तो श्लोक लहानपणापासून कानावर पडलेला असतो ना! त्याच्या थोडासा अलीकडे असलेला आजचा श्लोक मात्र पटकन ओलांडला जातो. अर्थ सरळ आहे. कृष्ण अर्जुनाला म्हणतो की जे सांगायचं ते माझं सांगून झालं, त्यातलं अगदी आतलंही सांगून झालं. आता त्यावर काहीही न वगळता विचार करायचा आणि मग काय करायचं ते ठरवायचं, हे तुझं तू.

कोण कुणाला सांगतंय बघा. ज्याने अकराव्या अध्यायात विश्वरूप दाखवलं, तो. समोर दोन्ही बाजू मिळून अठरा अक्षौहिणी सैन्य उभं आहे, शंख वाजून झालेत, आणि हा एक माणूस उठला नाही तर पांडवांचं काही खरं नाही. अशा वेळी आपण काय केलं असतं? हात धरून धनुष्यावर ठेवला असता. 'एवढं सांगितलं, आता तरी ऐक' म्हणून आवाज चढवला असता, रडलो असतो, अबोला धरला असता. देव यातलं काहीच करत नाही.

श्लोकातले दोन शब्द लक्षात ठेवा. 'विमृश्य' म्हणजे उलटसुलट तपासून, घासून बघून. नुसतं ऐकणं इथे पुरत नाही. आणि 'अशेषेण' म्हणजे काही शिल्लक न ठेवता. हा दुसरा शब्द दोन्हीकडे लागू आहे असं मला वाटतं. अर्जुनाने विचार पूर्ण करायचा हे खरं, पण त्याआधी कृष्णाने सांगणंही पूर्ण केलंय. गोड लागावं म्हणून काही गाळलं नाही, भीती वाटावी म्हणून काही फुगवलं नाही. सांगणं पूर्ण आणि सोडणंही पूर्ण. या दोन गोष्टी एकत्र जमणं किती अवघड आहे, ते मला गीतेच्या वर्गात कमी आणि एका वेगळ्याच ठिकाणी जास्त कळलं. आज त्याबद्दल लिहिते.

साधारण दोन वर्षं मी 'को-डिपेन्डन्ट्स अनॉनिमस' या गटाच्या ऑनलाइन सभांना जातेय. थोडक्यात 'कोडा'. बारा पायऱ्यांची ही पद्धत मुळात दारू सोडणाऱ्यांची. 1935 साली अमेरिकेत ओहायोमधल्या ॲक्रनला बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोघांनी एकमेकांच्या आधाराने दारूपासून लांब राहायला सुरुवात केली, आणि तिथून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' उभं राहिलं. 1939 मध्ये त्यांच्या पुस्तकात बारा पायऱ्या छापून आल्या. मग लक्षात आलं की दारू एक जण पितो, पण तोल सगळ्या घराचा जातो. बिलची बायको लोइस आणि तिची एक सोबतीण यांनी 1951 मध्ये घरच्यांसाठी 'अल-अनॉन' सुरू केलं. त्यानंतर 1986 च्या ऑक्टोबरमध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्सला 'कोडा'ची पहिली सभा भरली. इथे घरात दारू असण्याचीही अट नाही. एकमेकांना पोखरणार नाही असं प्रेमाचं, निरोगी नातं हवंय, एवढी इच्छा असली की तुम्ही आत.

योगायोग बघा, त्याच 1986 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचटांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. व्यसनी माणसाच्या बायकोलाही आधार लागतो हे तिथेही ओळखलं गेलं, आणि तिथला 'सहचरी' गट त्यातूनच आला. म्हणजे ही काही फक्त परदेशी दुखणी नाहीत.

तर को-डिपेन्डन्सी म्हणजे काय? 'सहनिर्भरता' असा शब्द काही जण वापरतात, पण त्यातून नीटसं काही कळत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याचा मूड हाच आपल्या घरचा हवामान अंदाज होणं. तो हसला की आज ऊन, तो गप्प बसला की आपण छत्री शोधायला लागतो. 'कोडा'च्या साहित्यात याचे पाच आकृतिबंध दिलेत: स्वतःला काय होतंय ते नाकारणं, स्वतःला कमी लेखणं, नको असतानाही हो म्हणत राहणं, दुसऱ्याला ताब्यात ठेवू बघणं आणि जवळीक टाळणं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तिसरं आणि चौथं एकाच यादीत कसं काय, असा प्रश्न पडला. जो सगळ्यांना हो म्हणतो तो ताबा कसा ठेवणार? मग ध्यानात आलं, की 'मी तुझ्यासाठी एवढं करते' हा ताबा ठेवण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग आहे. त्यात आवाजसुद्धा चढवावा लागत नाही.

पहिली पायरी दारूच्या गटात दारूपुढे आपण हतबल आहोत हे मान्य करायची असते. 'कोडा'ने त्यात एकच बदल केला: दारूच्या जागी 'इतर माणसं'. दुसऱ्या माणसांवर माझी सत्ता चालत नाही, आणि ती चालवायच्या नादात माझंच आयुष्य हाताबाहेर गेलंय. माझ्यासारख्या आयटीवाल्यांना पटकन कळेल: दुसऱ्याच्या सर्व्हरवर माझ्याकडे रूट ॲक्सेस नाही. पासवर्ड अंदाजाने टाकत राहिलं तर माझंच अकाउंट लॉक होतं.

महाभारतात याचं सगळ्यात ठळक उदाहरण कोण असेल तर धृतराष्ट्र. गीतेच्या अगदी पहिल्या श्लोकात तो 'मामकाः' म्हणतो, माझे. पंडूच्या मुलांचा उल्लेख त्याने वेगळा केलाय, यावर टीकाकारांनी पुष्कळ लिहिलंय. पण मला जास्त बोलतो तो उद्योगपर्वातला धृतराष्ट्र. झोप येत नाही म्हणून त्याने विदुराला बोलावून घेतलंय, रात्रभर त्याचं ऐकतोय. आपण ज्याला विदुरनीती म्हणतो ती हीच. सगळं ऐकून झाल्यावर तो कबूल करतो की तू म्हणतोस ते पटतं, पांडवांना न्याय द्यावा असं मनात येतं, पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी फिरते. माहिती पूर्ण होती, सल्लागार उत्तम होता. अडलं ते कुठे? बापाचं मन मुलाच्या मनाला दोरीने बांधलेलं होतं. मुलगा नाराज होईल ही भीती राज्य बुडण्याच्या भीतीपेक्षा मोठी ठरली. जगातला पहिला को-डिपेन्डन्ट असं मी त्याला म्हणणार नाही, पण सभेत येऊन बसला असता तर ओळख करून द्यायची गरज पडली नसती.

आता सभेबद्दल. मी जाते ती कॅलिफोर्नियातून चालते. त्यांची शुक्रवार संध्याकाळ म्हणजे आपली शनिवार सकाळ, साडेसात. तिकडची घड्याळं नोव्हेंबरात मागे गेली की मार्चपर्यंत साडेआठ. (कॅलेंडर इन्व्हाइट स्वतः बदलतं, चहाचं मात्र आपल्यालाच बघावं लागतं.) सुरुवातीला पायऱ्या आणि परंपरा वाचल्या जातात. मग एकेक जण बोलतो, फक्त पहिलं नाव सांगून, तीन-चार मिनिटं, टायमर लावून. बोलून झालं की बाकीचे 'थँक्यू' म्हणतात. बस! कुणी सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही, 'माझ्या मावशीचंही अगदी असंच' म्हणत नाही. याला ते 'क्रॉसटॉक नाही' असं म्हणतात. आपल्याकडे 'डोकं दुखतंय' म्हटलं तर घरातल्या घरात तीन डॉक्टर आणि एक वैद्य उभे राहतात, त्यामुळे पहिले काही आठवडे मला हे फार कोरडं वाटलं. पण ही शांतताच तिथलं औषध आहे. तुमचं बोलणं तुमच्याकडेच परत येतं. आणि इतरांचं ऐकताना जिभेवर आलेला सल्ला गिळायचा सराव होतो, दर आठवड्याला, नऊ-दहा वेळा. 63 व्या श्लोकाची याहून चांगली तालीम मला माहीत नाही.

यावर भक्तमंडळींची एक शंका हमखास असते. आपल्याकडे तर त्याग आणि सेवा हाच धर्म, मग 'स्वतःकडे बघा' हे पाश्चात्त्य खूळ नाही का? शंका हलकी नाही. तिचं उत्तर मला सतराव्या अध्यायात सापडतं, 20 ते 22 या श्लोकांत. तिथे दानाचे तीन प्रकार सांगितलेत. द्यायला हवं म्हणून, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला आणि परतफेडीची आशा न ठेवता दिलेलं ते सात्त्विक. परत काही मिळावं म्हणून किंवा मनात कुढत दिलेलं ते राजस. आणि अवेळी, अपात्री, अवमान करून दिलेलं ते तामस. म्हणजे दोघी जणी एकच गोष्ट देत असतील, पाच हजार रुपये किंवा रात्री दोनचा फोन उचलणं. पण एकीचं दान सात्त्विक असेल आणि दुसरीचं राजस. गट सेवा करू नका असं कधीच सांगत नाही. देताना तुझ्या मनात काय चाललंय ते बघ, एवढंच सांगतो. हे बघण्यासाठीच चौथी पायरी आहे, आपला स्वतःचा हिशेब लिहून काढायची, आणि पाचवी तो एका माणसासमोर वाचायची. संतांचं आत्मपरीक्षण आठवा, हे काही आपल्याला परकं नाही.

आता माझ्या घरातलं थोडं. गटात ऐकलेलं गटातच राहतं, त्यामुळे सांगायचं तर स्वतःचंच. धाकट्या भावाबद्दल लिहू का असं त्याला मेसेज करून विचारलं होतं. उत्तर आलं, 'तुला हवं ते कर.' 63 वा श्लोकच, फक्त सूर वेगळा! नातं खरं ठेवलंय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

भाऊ 29 चा, सहा-सात वर्षं पितोय. नोकरी आहे, माणूस लाघवी आहे. मी त्याची दोन कर्जं फेडली, त्याचं मला वाईट वाटत नाही. तेव्हा ते द्यावंसं वाटलं होतं. गेल्या महिन्यात त्याला एक स्थळ सांगून आलं. मुलगी शिकलेली, घर साधं. आईचा फोन: "लग्न झालं की सुधारेल गं तो. तू बैठकीला येऊन बस. तुझ्या शब्दाला वजन आहे, त्यांना विश्वास वाटेल." मी विचारलं, मुलीला पिण्याचं सांगितलंय का? आई म्हणाली, "आत्ताच कशाला? बघू पुढे."

मी माझ्या स्पॉन्सरला फोन केला. स्पॉन्सर म्हणजे पायऱ्यांवर आपल्या पुढे असलेली, आपली सोबत करणारी व्यक्ती. तिने काय कर ते सांगितलंच नाही. कागदावर तीन रकाने आखायला लावले: यात भावाचं काय, आईचं काय, तुझं काय. पिणं, थांबणं, मुलीला सांगणं हे भावाचं. 'लोक काय म्हणतील' आणि 'सुधारेल' ही आशा, दोन्ही आईचं. माझं म्हणून उरलं ते एवढंच: बैठकीतली ती खुर्ची आणि माझं तोंड. कागदाकडे बघत बसले तेव्हा दिसलं, त्या मुलीचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं.

मग भावाला फोन केला. दहा मिनिटं बोलले, एकदाच, न ओरडता. तुझं पिणं थांबवणं माझ्या हातात नाही. उपचार घ्यायचे असतील तर पत्ता शोधण्यापासून सोबत येण्यापर्यंत मी आहे. पण मुलीला खरं सांगितलेलं नसेल तर मी बैठकीला बसणार नाही, कारण तिथे माझं बसणं हीच साक्ष होईल. त्यांच्याकडून मला विचारणा झाली तर मी खरं सांगेन. आणि साखरपुड्यापर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी स्वतः सांगेन.

शेवटचं वाक्य पहिल्या पायरीत बसतं का, यावर मी पुष्कळ विचार केला. हा ताबाच नाही का? माझं मत असं झालंय की नाही. लग्न मोडावं किंवा व्हावं, हे मी ठरवत नाहीये. सगळं कळल्यावर त्या मुलीने हो म्हटलं तर तो तिचा अधिकार. पण 'अशेषेण' विचार करायला आधी सगळं समोर असावं लागतं. अर्धवट माहितीवर तिला हो म्हणायला लावणं म्हणजे तिचा 63 वा श्लोक हिरावून घेणं. हे माझं मत आहे, गटाचं नाही. गटाला अशा बाबतीत मत नसतं.

भावाने फोन ठेवला. त्याला आज बारा दिवस झाले. आई फोन उचलते, पण 'हो', 'बरं', 'ठेवते'. बैठक येत्या रविवारी आहे. रात्री एक वाजता त्याचं लास्ट सीन बघायची हुक्की अजून येते. कधी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून विष्णुसहस्रनाम लावते, कधी सभेतल्या एकीला मेसेज टाकते. झोप दोन्हीने लागतेच असं नाही.

या दिवसांत आधार वाटला तो उद्योगपर्वातल्याच आणखी एका रात्रीचा. कृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापूरला आलाय. दुर्योधनाचं जेवणाचं आमंत्रण नाकारून तो विदुराच्या घरी उतरलाय. विदुर त्याला म्हणतो, हे ऐकणारे नाहीत, तू आलासच कशाला? कृष्णाचं उत्तर प्रत्येक अल-अनॉनवाल्याने आणि कोडावाल्याने वाचावं असं आहे. तो म्हणतो की जमेल तेवढा प्रयत्न करूनही काम झालं नाही, तरी प्रयत्नाचं पुण्य जात नाही. आणि कृष्णाला शक्य असून त्याने आवरलं नाही, असं कुणाला म्हणायला जागा राहू नये. दुसऱ्या दिवशी सभेत तो सगळं स्पष्ट बोलतो. दुर्योधन ऐकत नाही. कृष्ण परत जातो. प्रत्यक्ष देवाची शिष्टाई फसली, हे महाभारताने लपवलेलं नाही. मग माझा दहा मिनिटांचा फोन फसला तर त्यात नवल काय?

आता 66 व्या श्लोकाशी याचा संबंध. तिसरी पायरी आहे आपली इच्छा आणि आपलं आयुष्य देवाच्या हाती सोपवायची, आणि देव म्हणजे ज्याला जसा समजला तसा. हे शब्द वाचून वारकरी घरातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. फरक एकच, पण मोठा. 66 व्या श्लोकात 'एकम्' आहे, मला एकट्याला शरण ये. को-डिपेन्डन्सीतही शरणागतीच असते हो, पूर्ण, अगदी अहोरात्र. फक्त पत्ता वेगळा असतो: नवरा, मुलगा, आई, बॉस. आणि ते बिचारे देव नसल्यामुळे तो भार पेलू शकत नाहीत, मग आपण त्यांच्यावर चिडतो. 63 वा श्लोक 66 च्या आधी का येतो, याचं मला सुचलेलं उत्तर हे: जो मोकळा आहे त्यालाच शरण जाता येतं. भीतीने घातलेलं लोटांगण वेगळं.

जायचं मनात असेल तर काही गोष्टी आधीच सांगते. फी नसते, स्वेच्छेने काही दिलं तर तेवढंच. मी जाते ती सभा इंग्रजीत असते. देवाबद्दलचे काही शब्द चर्चमधले वाटतील. बारा पायऱ्यांची मुळं 'ऑक्सफर्ड ग्रुप' या ख्रिस्ती चळवळीत आहेत, त्यामुळे ते साहजिक आहे. मी तिथे मनात विठ्ठल म्हणते, कुणाची हरकत नसते. घरात दारूचा प्रश्न असेल तर अल-अनॉनच्या सभा मुंबई-पुण्यात प्रत्यक्षही भरतात. पहिल्या सभेवरून मत बनवू नका, पाच-सहा सभा जाऊन मग ठरवा. एखादी व्यक्ती उपदेशच करत सुटली तर सरळ दुसरी सभा शोधा, सगळे गट सारखे नसतात.

आणि हे नक्की वाचा: घरात मारहाण होत असेल तर 'मी हतबल आहे' ही पायरी सहन करत राहण्यासाठी नाही. आधी सुरक्षित जागा, महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. मन फारच खचलं असेल तर सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो. गट हा उपचारांना पर्याय नाही. मी समुपदेशकाकडेही जाते, दोन्ही चालू आहे.

आजचा अभ्यास: एक कागद, तीन रकाने. सध्या ज्या माणसाची काळजी तुमची झोप खातेय, त्याच्या बाबतीत तुमच्या रकान्यात नेमकं काय येतं ते लिहा. मग कागद परत एकदा बघा, कुणाचं नाव राहून गेलंय का.

उद्या श्लोक 64. 'तुला हवं तसं कर' म्हटल्यावर कृष्ण लगेच पुन्हा बोलायला लागतो, आणि का बोलतोय तेही सांगतो: तू मला अतिशय प्रिय आहेस म्हणून. सोडून दिल्यावरचं हे बोलणं कसं वेगळं आहे, ते उद्या बघू. माझी सभा उद्याच आहे, त्यामुळे पोस्ट दुपारी येईल.

राम कृष्ण हरी.